व्हॅल्यू कन्व्हर्टर आणि डेटा बाइंडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झॅमलमध्ये (यूआय लिहायची टॅगची भाषा) स्क्रीन बनवायला लागलं की कन्व्हर्टर फार लवकर समोर येतो, आणि बहुतेक जण कुठूनतरी एक तयार क्लास उचलतात, चिकटवतात, चाललं की पुढे जातात. मग प्रोजेक्ट वाढतो, कन्व्हर्टरचा फोल्डर फुगत जातो आणि त्यातला कुठला क्लास कुठे वापरलाय, का वापरलाय हे टीममध्ये कोणालाच धड सांगता येत नाही. हे टाळता येतं, त्यासाठीच पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं मुख्यतः डब्ल्यूपीएफ (विंडोज ॲपसाठीचं मायक्रोसॉफ्टचं यूआय फ्रेमवर्क) धरून दिली आहेत, यूडब्ल्यूपी, विनयूआय, माउई किंवा अव्हॅलोनिया या त्याच जातीच्या फ्रेमवर्कमध्ये गोष्ट वेगळी असेल तर तसं सांगितलंय.

कन्व्हर्टर म्हणजे नेमकं काय?

बाइंडिंग म्हणजे डेटा आणि स्क्रीन जोडणारा दुवा, त्याला दोन टोकं असतात. एकीकडे सोर्स, म्हणजे बहुतेक वेळा व्ह्यू-मॉडेलमधली (स्क्रीनला डेटा पुरवणारा क्लास) प्रॉपर्टी, आणि दुसरीकडे टार्गेट, म्हणजे कंट्रोलची प्रॉपर्टी. दोन्हीकडचा टाइप एकच असेल तर काही करायची गरज नाही, पण सोर्सकडे ट्रू-फॉल्स आहे आणि टार्गेटला व्हिजिबिलिटी हवीय, किंवा सोर्सकडे ऑर्डरची स्थिती आहे आणि टार्गेटला रंग हवाय, अशा वेळी मधे एक छोटा क्लास बसवायचा जो इकडची व्हॅल्यू तिकडच्या रूपात बदलून देतो, तोच कन्व्हर्टर. डब्ल्यूपीएफमध्ये त्यासाठी आयव्हॅल्यूकन्व्हर्टर नावाचा इंटरफेस आहे, त्यात दोनच मेथड आहेत, कन्व्हर्ट आणि कन्व्हर्टबॅक. दोन्हींना चार-चार गोष्टी मिळतात: व्हॅल्यू, टार्गेटचा टाइप, पॅरामीटर आणि कल्चर (भाषा-प्रदेशानुसार तारखा-आकडे लिहायची पद्धत).

डब्ल्यूपीएफ २००६ मध्ये डॉटनेट ३.० बरोबर आलं, पण ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. ॲपलच्या कोको बाइंडिंगमध्ये २००३ पासून एनएसव्हॅल्यूट्रान्सफॉर्मर हेच काम करतोय, आणि त्यात उलट रूपांतर जमतं की नाही हे क्लासने स्वतः सांगायची सोयसुद्धा आहे, जी आयव्हॅल्यूकन्व्हर्टरमध्ये नाही. त्याचा त्रास पुढे कन्व्हर्टबॅकच्या प्रश्नात दिसेल.

प्रत्येक वेळी टाइप वेगळा असला की कन्व्हर्टर लागतोच का?

नाही, आणि हे आधी तपासून बघा. इंटिजर प्रॉपर्टी टेक्स्टब्लॉकच्या टेक्स्टला बांधली तर ती आपोआप स्ट्रिंग होते. "रेड" अशी रंगाच्या इंग्रजी नावाची स्ट्रिंग बॅकग्राउंडला बांधली तरी चालते, कारण झॅमल पार्सर जो टाइपकन्व्हर्टर वापरतो तोच बाइंडिंग इंजिनसुद्धा वापरतं. पण कलर टाइपची प्रॉपर्टी थेट बॅकग्राउंडला बांधली तर चालत नाही, तिथे ब्रश लागतो. यावर कन्व्हर्टर लिहिण्यापेक्षा बॅकग्राउंडमध्ये सॉलिडकलरब्रश लिहून त्याच्या कलर प्रॉपर्टीला बाइंडिंग द्या, काम झालं.

आणि फक्त आकडा किंवा तारीख नीट दिसायला हवी असेल, म्हणजे दोन दशांश, टक्के, दिवस-महिना-वर्ष वगैरे, तर त्यासाठी स्ट्रिंगफॉरमॅट आहे. दोन-तीन व्हॅल्यू एका ओळीत जोडून दाखवायच्या असतील तर मल्टीबाइंडिंगला (अनेक सोर्स एका टार्गेटला जोडणारं बाइंडिंग) स्ट्रिंगफॉरमॅट देता येतो आणि टार्गेट स्ट्रिंग असेल तर तिथेही कन्व्हर्टर लागत नाही.

स्ट्रिंगफॉरमॅट दिलाय तरी काहीच फरक पडत नाही, का?

बहुतेक तुम्ही तो लेबल किंवा बटणाच्या कंटेंटवर दिलाय. स्ट्रिंगफॉरमॅट तेव्हाच लागू होतो जेव्हा टार्गेट प्रॉपर्टीचा टाइप स्ट्रिंग असतो, आणि कंटेंटचा टाइप ऑब्जेक्ट आहे, त्यामुळे फॉरमॅट गुपचूप दुर्लक्षित होतो, एररही येत नाही. कंटेंटसाठी कंटेंटस्ट्रिंगफॉरमॅट ही वेगळी प्रॉपर्टी आहे ती वापरा. यूडब्ल्यूपी आणि विनयूआयमध्ये मात्र बाइंडिंगला स्ट्रिंगफॉरमॅटच नाही, तिथे कन्व्हर्टर किंवा एक्सबाइंडमधलं (तिथलं कंपाइल होणारं बाइंडिंग) फंक्शन हाच मार्ग.

कन्व्हर्टर लिहून वापरायचा कसा?

इंटरफेस लावून क्लास लिहा, झॅमलच्या वर नेमस्पेस जोडा, रिसोर्समध्ये त्याचं एक ऑब्जेक्ट 'की' (ओळखीचं नाव) देऊन ठेवा आणि बाइंडिंगमध्ये स्टॅटिकरिसोर्सने वापरा. एवढंच.

यात एक गोष्ट नवीन माणसाला हमखास अडवते. स्टॅटिकरिसोर्स वापरायच्या आधी तो रिसोर्स फाइलमध्ये वर घोषित झालेला पाहिजे. खाली घोषित केला आणि वर वापरला तर रिसोर्स सापडत नाही म्हणून विंडो उघडतानाच एक्सेप्शन येतं. सगळीकडे लागणारे कन्व्हर्टर ॲपच्या रिसोर्समध्ये ठेवले की हा प्रश्न मिटतो.

रिसोर्सची भानगडच नको असेल तर दोन पर्याय आहेत. कन्व्हर्टरला मार्कअपएक्सटेन्शनपासून इनहेरिट करायचं आणि प्रोव्हाइडव्हॅल्यूमधून स्वतःलाच परत द्यायचं, म्हणजे तो थेट बाइंडिंगच्या ओळीत लिहिता येतो. किंवा क्लासमध्ये एक स्टॅटिक इन्स्टन्स ठेवायचा आणि तो एक्स-स्टॅटिकने वापरायचा. मला दुसरा जास्त आवडतो, एकच ऑब्जेक्ट बनतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं काय चाललंय.

काहीही निवडा, कन्व्हर्टरमध्ये स्टेट ठेवू नका. तोच ऑब्जेक्ट शंभर बाइंडिंग वापरत असतात, मागच्या वेळची व्हॅल्यू फील्डमध्ये लक्षात ठेवली तर ती कुणाची होती हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

ट्रू-फॉल्सवरून कंट्रोल दाखवायचा-लपवायचा आहे, त्याचं काय?

हा सगळ्यात जास्त लागणारा कन्व्हर्टर, आणि डब्ल्यूपीएफमध्ये तो तयार मिळतो, बूलियनटूव्हिजिबिलिटीकन्व्हर्टर. फक्त रिसोर्समध्ये स्वतः घोषित करावा लागतो. तो फॉल्सला कोलॅप्स्ड देतो. व्हिजिबल, हिडन आणि कोलॅप्स्ड अशा तीन अवस्था आहेत, हिडनमध्ये कंट्रोल दिसत नाही पण त्याची जागा राखून राहते, कोलॅप्स्डमध्ये जागाही जाते आणि बाकीचं सगळं सरकतं. वर-खाली उड्या मारणारा फॉर्म नको असेल तर हिडन लागतो, आणि तो या तयार कन्व्हर्टरमधून मिळत नाही.

मग लोक उलटा कन्व्हर्टर लिहितात, हिडनवाला लिहितात, उलटा हिडनवाला लिहितात आणि चार क्लास होतात. त्यापेक्षा एकच क्लास लिहा ज्यात दोन प्रॉपर्टी असतील, ट्रू असेल तर काय द्यायचं आणि फॉल्स असेल तर काय द्यायचं, दोन्ही ऑब्जेक्ट टाइपच्या. रिसोर्समध्ये त्याच क्लासची वेगवेगळ्या कीने हवी तेवढी रूपं बनवा, एक व्हिजिबिलिटीसाठी, एक ब्रशसाठी, एक मजकुरासाठी. या दोन प्रॉपर्टी घोषणेच्या वेळी एकदाच भरायच्या आणि नंतर हात लावायचा नाही, त्यामुळे वरचा स्टेटचा नियम मोडत नाही. पॅरामीटरमध्ये "उलट" अशी स्ट्रिंग पाठवायची पद्धतही दिसते, पण स्ट्रिंग चुकीची टाइप झाली तर कंपायलर काही बोलत नाही.

माउई आणि अव्हॅलोनियात हा प्रश्नच येत नाही, तिथे इझव्हिजिबल ही सरळ बूलियन प्रॉपर्टी आहे. अव्हॅलोनियात तर बाइंडिंगच्या पाथआधी उद्गारचिन्ह लावलं की व्हॅल्यू उलटते. यूडब्ल्यूपीमध्ये विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून एक्सबाइंड बूलियनवरून व्हिजिबिलिटी आपोआप करतं, पण तिथे हिडन ही अवस्था नाही.

कन्व्हर्टर लिहू की व्ह्यू-मॉडेलमध्ये अजून एक प्रॉपर्टी टाकू?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर एकदा मनात पक्कं झालं की बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

नियम असेल तर व्ह्यू-मॉडेलमध्ये, रूप असेल तर कन्व्हर्टरमध्ये. उदाहरण घ्या, यादीत ज्या कामांची मुदत संपलीय ती लाल दिसायला हवीत. बरेच जण शेवटची तारीख बाइंड करतात आणि कन्व्हर्टरमध्ये आजच्या तारखेशी तुलना करून लाल ब्रश परत देतात. दिसायला काम होतं. पण आता बघा, "मुदत संपली" याचा अर्थ काय, हा धंद्याचा नियम झॅमलच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला. उद्या कुणी म्हणालं की दोन दिवसांची सवलत द्यायची, किंवा पूर्ण झालेलं काम लाल दाखवायचं नाही, तर तो बदल कुठे करायचा हे शोधावं लागणार, आणि तोच नियम रिपोर्टमध्ये आणि ईमेलमध्ये वेगळा लिहिलेला असणार. शिवाय ॲप रात्रभर उघडं राहिलं, बारा वाजून गेले, तरी तारखेची प्रॉपर्टी बदललेली नाही म्हणून कन्व्हर्टर पुन्हा चालणारच नाही आणि काम काळंच दिसत राहणार.

तेच व्ह्यू-मॉडेलमध्ये स्थिती नावाची प्रॉपर्टी ठेवली, वेळेत, मुदत जवळ, मुदत संपली, पूर्ण अशा चार व्हॅल्यूंची, तर नियम एका जागी राहतो, त्याची टेस्ट लिहिता येते, घड्याळाच्या टायमरवर ती बदलताही येते. कन्व्हर्टरला फक्त एवढंच उरतं की मुदत संपली म्हणजे लाल. आणि हे उलट बाजूनेही खरं आहे, व्ह्यू-मॉडेलमध्ये ब्रश आणि व्हिजिबिलिटी आणू नका, कारण मग व्ह्यू-मॉडेल त्या यूआय फ्रेमवर्कला चिकटतं आणि उद्या माउईवर न्यायचं म्हटलं की सगळं उसवावं लागतं.

एक साधी परीक्षा सांगतो: कन्व्हर्टरला तीच व्हॅल्यू परत दिली तर तेच उत्तर यायला हवं, नेहमी, कुठल्याही वेळी, कुठल्याही मशीनवर (कल्चरचा फरक सोडून). त्यात आजची तारीख, डेटाबेस, सेटिंग, लॉगिन केलेला यूजर यातलं काही वाचावं लागत असेल तर ते काम कन्व्हर्टरचं नाही.

आणि ट्रिगर? तेही हेच करतात ना?

हो, आणि डब्ल्यूपीएफमध्ये बऱ्याच वेळा तेच बरे पडतात. एका स्थितीवरून रंग, फॉन्ट आणि टूलटिप तिन्ही बदलायचे असतील तर तीन कन्व्हर्टरपेक्षा एक डेटाट्रिगर (ठरावीक व्हॅल्यू आली की रूप बदलणारा नियम) स्टाइलमध्ये टाका, डिझाइन बघणाऱ्याला सगळं एका ठिकाणी दिसतं. यूडब्ल्यूपी आणि विनयूआयमध्ये डेटाट्रिगर नाही, तिथे व्हिज्युअल स्टेट वापरतात.

डेटा बदलला तरी कन्व्हर्टर पुन्हा चालत नाही, काय चुकतंय?

कन्व्हर्टर कधी चालतो? बाइंडिंगच्या पाथवरची प्रॉपर्टी बदलल्याचं नोटिफिकेशन आलं की. बस, एवढंच. आत तुम्ही अजून काय काय वाचताय हे बाइंडिंग इंजिनला माहीत नसतं. यावरून तीन-चार नेहमीचे प्रकार निघतात.

यादी रिकामी असेल तर "काही नाही" असा मजकूर दाखवायचा म्हणून लोक अख्खं कलेक्शन बाइंड करतात आणि कन्व्हर्टरमध्ये काउंट बघतात. पहिल्यांदा बरोबर दिसतं, नंतर आयटम टाकला तरी मजकूर जात नाही, कारण कलेक्शनची प्रॉपर्टी तीच आहे, आतला माल बदललाय. पाथमध्ये थेट काउंट द्या. ऑब्झर्व्हेबलकलेक्शन काउंट बदलल्याचं नोटिफिकेशन देतं, त्यामुळे ते चालतं.

दुसरा प्रकार, पाथ न देता अख्खा ऑब्जेक्ट कन्व्हर्टरला पाठवायचा आणि आत त्याच्या दोन-तीन प्रॉपर्टी वाचायच्या. त्या प्रॉपर्टी बदलल्या तरी ऑब्जेक्ट तोच, म्हणून कन्व्हर्टर गप्प. इथे मल्टीबाइंडिंग करा किंवा व्ह्यू-मॉडेलमध्ये काढलेली प्रॉपर्टी ठेवा.

तिसरा, एक्सबाइंड वापरत असाल तर त्याचा डीफॉल्ट मोड वनटाइम आहे, साध्या बाइंडिंगसारखा नाही. मोड वनवे (बदल सोर्सकडून टार्गेटकडे) लिहायला विसरलात तर कन्व्हर्टर एकदाच चालणार आणि तुम्ही तासभर नोटिफिकेशन तपासत बसणार.

आणि चौथा सगळ्यात साधा, नोटिफिकेशनमध्ये प्रॉपर्टीचं नाव स्ट्रिंग म्हणून लिहिलंय आणि नंतर प्रॉपर्टीचं नाव बदललं. नेमऑफ वापरा.

कन्व्हर्टरपॅरामीटरला बाइंडिंग का देता येत नाही?

कारण ती डिपेन्डन्सी प्रॉपर्टी (जिच्यावर बाइंडिंग बसतं अशी खास प्रॉपर्टी) नाही. बाइंडिंग हा क्लास स्वतःच डिपेन्डन्सीऑब्जेक्ट नाही, मग त्याच्या प्रॉपर्टीवर दुसरं बाइंडिंग कसं बसणार. पॅरामीटर म्हणजे लिहिताना माहीत असलेली ठरावीक व्हॅल्यू. बदलणारी दुसरी व्हॅल्यू हवी असेल तर ती पॅरामीटर नाहीच, तो दुसरा सोर्स आहे, मल्टीबाइंडिंग घ्या. यूडब्ल्यूपी-विनयूआयमध्ये मल्टीबाइंडिंग नाही, पण एक्सबाइंडमध्ये फंक्शन लिहून त्याला अनेक प्रॉपर्टी देता येतात, त्या बदलल्या की फंक्शन पुन्हा चालतं.

अजून एक, बाइंडिंगच्या ओळीत पॅरामीटर ५ लिहिला तर आत ५ हा आकडा येत नाही, "५" ही स्ट्रिंग येते. इंट म्हणून कास्ट केलं की एक्सेप्शन. पार्स करा, किंवा बाइंडिंग सविस्तर टॅग पद्धतीने लिहून आत टाइपसकट व्हॅल्यू द्या. एनमसाठी (ठरावीक नावांच्या व्हॅल्यूंचा टाइप) एक्स-स्टॅटिक.

मल्टीबाइंडिंगच्या कन्व्हर्टरमध्ये "नेम्डऑब्जेक्ट कास्ट करता येत नाही" असं एक्सेप्शन येतं, ते काय?

मल्टीबाइंडिंगमधली सगळी बाइंडिंग एकदम तयार होतात असं नाही. एखाद्याचा सोर्स अजून सापडलेला नसतो, डेटाकॉन्टेक्स्ट (बाइंडिंगचा डीफॉल्ट सोर्स) अजून आलेला नसतो, आणि तेवढ्यात कन्व्हर्टरला बोलावलं जातं. न सापडलेल्या जागी डिपेन्डन्सीप्रॉपर्टी.अनसेटव्हॅल्यू ठेवलेली असते, जिचा आतला टाइप नेम्डऑब्जेक्ट आहे. तुम्ही ती थेट डबल किंवा स्ट्रिंग म्हणून कास्ट केली की फटका बसतो. म्हणून थेट कास्ट करूच नका, आधी टाइप तपासा, जुळला नाही तर अनसेटव्हॅल्यूच परत द्या. थोड्या वेळाने खऱ्या व्हॅल्यू आल्या की कन्व्हर्टर पुन्हा चालतोच.

मल्टीबाइंडिंगची दुसरी खोच: कमांडपॅरामीटरला दोन-तीन व्हॅल्यू एकत्र पाठवायला लोक मिळालेला ॲरे जसाच्या तसा परत देतात, आणि कमांडमध्ये बघावं तर ॲरेमध्ये सगळं नल. तो ॲरे डब्ल्यूपीएफचा स्वतःचा आहे, त्याची क्लोन करून परत द्या.

कन्व्हर्टबॅक लिहावाच लागतो का?

बाइंडिंग वनवे असेल तर तो चालतच नाही, पण इंटरफेसमध्ये आहे म्हणून लिहावा लागतो. व्हिज्युअल स्टुडिओ जो नॉटइम्प्लिमेंटेड एक्सेप्शन टाकून देतं ते तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याला वाटतं काम अर्धवट राहिलंय. उलट रूपांतर शक्यच नसेल तर नॉटसपोर्टेड एक्सेप्शन टाका, हेतू स्पष्ट होतो. आणि अशा कन्व्हर्टरच्या बाइंडिंगवर मोड वनवे स्वतः लिहा, कारण टेक्स्टबॉक्सचा टेक्स्ट, चेकबॉक्सचा इझचेक्ड अशा प्रॉपर्टी आपोआप टूवे (बदल दोन्ही दिशांनी) असतात.

जिथे कन्व्हर्टबॅक खरंच लागतो त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे रेडिओबटणं आणि एनम. प्रत्येक बटणाला पॅरामीटरमध्ये एनमची एक व्हॅल्यू द्यायची. कन्व्हर्टमध्ये व्हॅल्यू आणि पॅरामीटर सारखे आहेत का एवढं बघून ट्रू-फॉल्स द्यायचं. कन्व्हर्टबॅकमध्ये ट्रू आलं तर पॅरामीटर परत, आणि फॉल्स आलं तर बाइंडिंग.डूनथिंग. हे डूनथिंग विसरू नका. एक बटण निवडलं की दुसरं आपोआप अनचेक होतं आणि त्याचाही कन्व्हर्टबॅक चालतो, तिथे नल किंवा डीफॉल्ट परत दिलंत तर एनम टाइपच्या प्रॉपर्टीत चुकीची व्हॅल्यू जाते किंवा व्हॅलिडेशनची लाल चौकट येते.

नल, अनसेटव्हॅल्यू, डूनथिंग, नेमकं काय कधी परत द्यायचं?

डूनथिंग म्हणजे काहीच करू नको, आहे ते राहू दे, फॉलबॅकव्हॅल्यूसुद्धा वापरू नको. अनसेटव्हॅल्यू म्हणजे मला व्हॅल्यू काढता आली नाही, फॉलबॅकव्हॅल्यू दिली असेल तर ती घे, नाहीतर टार्गेटची डीफॉल्ट घे. नल म्हणजे नल, ती एक खरीखुरी व्हॅल्यू आहे, "माहीत नाही" या अर्थाने ती परत देऊ नका. सोर्सच नल असेल तेव्हा काय दाखवायचं यासाठी बाइंडिंगवर टार्गेटनलव्हॅल्यू आहे, फक्त त्या एका गोष्टीसाठी कन्व्हर्टर लिहायची गरज नाही.

कन्व्हर्टरमध्ये एक्सेप्शन आलं तर बाइंडिंग ते गिळतं ना?

नाही. पाथ चुकला तर बाइंडिंग आउटपुट विंडोत एक ओळ लिहून गप्प बसतं, म्हणून लोकांना वाटतं कन्व्हर्टरचंही तसंच असेल. डब्ल्यूपीएफमध्ये तुमच्या कन्व्हर्टमधून सुटलेलं एक्सेप्शन बाइंडिंग इंजिन पकडत नाही, ते साध्या रनटाइम एररसारखं वर जातं आणि ॲप बंद पाडू शकतं. म्हणून अपेक्षित अडचणी आत हाताळा आणि अनसेटव्हॅल्यू द्या. पण सगळ्याभोवती ट्राय-कॅच गुंडाळून रिकामी स्ट्रिंग परत देऊ नका, त्याने ॲप पडत नाही पण स्क्रीन खोटं बोलायला लागते. अव्हॅलोनियात यासाठी बाइंडिंगनोटिफिकेशन आहे, त्यातून एरर नीट परत देता येते.

तारीख नेहमी अमेरिकन पद्धतीने का दिसते? मशीनचं सेटिंग तर वेगळं आहे.

डब्ल्यूपीएफमध्ये कन्व्हर्टरला आणि स्ट्रिंगफॉरमॅटला मिळणारं कल्चर हे मशीनचं नसतं, ते एलिमेंटच्या लँग्वेज प्रॉपर्टीवरून येतं आणि तिची डीफॉल्ट अमेरिकन इंग्रजी आहे. त्यामुळे महिना आधी, दिवस नंतर. उपाय म्हणजे ॲप सुरू होताना एकदा फ्रेमवर्कएलिमेंटच्या लँग्वेज प्रॉपर्टीचा मेटाडेटा ओव्हरराइड करून तिथे चालू कल्चरचा टॅग द्यायचा. एखाद्याच बाइंडिंगपुरतं हवं असेल तर कन्व्हर्टरकल्चर.

आणि स्वतःचा कन्व्हर्टर लिहिताना चौथा आर्ग्युमेंट वापरा. तो मिळत असताना आत करंटकल्चर वाचलं तर त्याच स्क्रीनवर अर्ध्या तारखा एका पद्धतीने आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीने दिसतात. यूडब्ल्यूपी-विनयूआयमध्ये तिथे कल्चर ऑब्जेक्टऐवजी भाषेची स्ट्रिंग येते, कोड उचलून नेताना हे लक्षात ठेवा.

टेक्स्टबॉक्समध्ये दशांश टाइप करताना टिंब गायब होतं.

अपडेटसोर्सट्रिगर प्रॉपर्टीचेंज्ड ठेवलाय म्हणून. तुम्ही बारा आणि टिंब टाइप केलं की लगेच त्याचा आकडा होतो, बारा, आणि तो परत टेक्स्टबॉक्समध्ये लिहिला जातो, टिंब गेलं. हे वागणं डॉटनेट ४.५ पासून आलं, फ्रेमवर्ककंपॅटिबिलिटीप्रेफरन्सेस क्लासमध्ये जुनं वागणं परत आणायचं सेटिंग आहे. पण बहुतेक ठिकाणी टेक्स्टबॉक्सचा मूळ डीफॉल्ट, लॉस्टफोकस, तोच पुरेसा असतो. टाइप करता करता शोधायचं वगैरे असेल तर बाइंडिंगवर डिले द्या, तोही ४.५ पासूनच आहे.

मोठ्या यादीत कन्व्हर्टरमुळे स्क्रोलिंग जड होतं का?

कन्व्हर्टरमुळे नाही, तुम्ही त्यात जे करता त्यामुळे. व्हर्च्युअलायझेशन (फक्त दिसणाऱ्या ओळीच बनवणं) चालू असताना स्क्रोल केलं की नवीन ओळींसाठी कन्व्हर्टर पुन्हा पुन्हा चालतो, आणि तो यूआय थ्रेडवर चालतो. दर वेळी नवीन ब्रश बनवत असाल तर तो एकदाच बनवून फ्रीझ करून (म्हणजे न बदलणारा करून) स्टॅटिक ठेवा, किंवा ब्रशेस क्लासमधले तयार घ्या, ते आधीच फ्रीझ असतात. फाइलच्या पाथवरून इमेज बनवत असाल तर डिकोडपिक्सेलविड्थ द्या, नाहीतर छोट्या थंबनेलसाठी अख्खा फोटो मेमरीत येतो, आणि कॅशऑप्शन ऑनलोड ठेवा, म्हणजे फाइल लॉक होऊन बसत नाही.

कन्व्हर्टर एसिंक करता येतो का?

नाही. टास्क परत दिलात तर स्क्रीनवर टास्कच्या टाइपचं नाव दिसेल, आणि आत रिझल्टची वाट बघितलीत तर स्क्रीन गोठेल, डेडलॉकही होऊ शकतो. नेटवर्कवरून आणायचं ते व्ह्यू-मॉडेलने आणावं आणि आलं की प्रॉपर्टी बदलावी.

दोन कन्व्हर्टर एकामागे एक लावता येतात का?

थेट नाही, बाइंडिंगला एकच कन्व्हर्टर लागतो. आत कन्व्हर्टरची यादी धरून एकाचं उत्तर दुसऱ्याला देणारा गट-कन्व्हर्टर लिहिता येतो, तो छोटा असतो. तरी तीन-चार जोडायची वेळ आली तर थांबा आणि व्ह्यू-मॉडेलवाला प्रश्न पुन्हा वाचा.

चालतोय की नाही हे बघायचं कसं?

कन्व्हर्टमध्ये ब्रेकपॉइंट टाका. तो लागलाच नाही तर दोष कन्व्हर्टरमध्ये नाही, पाथमध्ये किंवा डेटाकॉन्टेक्स्टमध्ये आहे, आणि ते एवढ्यावरूनच कळतं. लागला तर व्हॅल्यू आणि टार्गेटटाइप बघा. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ मध्ये झॅमल बाइंडिंग फेल्युअर्स नावाची विंडो आहे तीही उघडी ठेवा. त्याहून खोल जायचं असेल तर डब्ल्यूपीएफमध्ये प्रेझेंटेशनट्रेससोर्सेसचा ट्रेसलेव्हल हाय करून त्या एका बाइंडिंगवर लावा, प्रत्येक पायरी आउटपुटमध्ये छापून येते.

याला टेस्ट लिहायची का?

हो, आणि ही सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे. विंडो लागत नाही, ॲप लागत नाही, ऑब्जेक्ट बनवा आणि कन्व्हर्टला बोलवा. नेहमीच्या व्हॅल्यूबरोबर नल, अनसेटव्हॅल्यू आणि भलत्याच टाइपची व्हॅल्यू नक्की द्या, आणि तारखा-आकडे असतील तर दोन वेगळी कल्चर. टूवे असेल तर कन्व्हर्ट करून परत कन्व्हर्टबॅक केल्यावर तीच व्हॅल्यू येते का बघा, दशांश कापणारे कन्व्हर्टर इथेच सापडतात.

बाकी फ्रेमवर्कमध्ये याला काय म्हणतात?

नाव वेगळं, विचार तोच. अँग्युलरमध्ये पाइप आहेत, ते एकामागे एक जोडता येतात आणि डीफॉल्टने प्युअर असतात, म्हणजे इनपुट बदललं तरच चालतात, त्यामुळे ॲरेमध्ये आतल्या आत भर टाकली तर पाइप चालत नाही, वरच्या कलेक्शनच्या प्रकारासारखंच. अँड्रॉइड डेटा बाइंडिंगमध्ये बाइंडिंगकन्व्हर्जन आणि इन्व्हर्समेथड ही ॲनोटेशन आहेत. जावाएफएक्समध्ये स्ट्रिंगकन्व्हर्टर, टूस्ट्रिंग आणि फ्रॉमस्ट्रिंग. क्यूएमएलमध्ये बाइंडिंगच्या जागी थेट जावास्क्रिप्ट एक्स्प्रेशन लिहिता येतं म्हणून वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. व्ह्यू नावाच्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये पूर्वी फिल्टर होते, तिसऱ्या आवृत्तीत ते काढून टाकले आणि कॉम्प्युटेड प्रॉपर्टी किंवा साधी मेथड वापरा असं सांगितलं.

जुन्या प्रोजेक्टमध्ये कन्व्हर्टरचा ढीग आहे, सुरुवात कुठून करू?

आधी प्रत्येकाची की झॅमलमध्ये शोधा, कुठेच वापरात नसलेले काढून टाका, असे बरेच निघतात (की कोडमधून स्ट्रिंगने मागितली जात नाही ना एवढं बघून घ्या). मग बूलियनवाले सगळे एका दोन-प्रॉपर्टीवाल्या क्लासवर आणा. मग जे फक्त फॉरमॅट करतात त्यांच्या जागी स्ट्रिंगफॉरमॅट. उरलेल्यांत आजची तारीख, सर्व्हिस, सेटिंग वाचणारे कुठले ते बघा, त्यांचा नियम व्ह्यू-मॉडेलमध्ये हलवा, पण हे एकेक करून आणि हलवायच्या आधी सध्याच्या वागण्याची टेस्ट लिहून, कारण त्या कन्व्हर्टरमध्ये कुणीतरी कधीतरी टाकलेली एखादी अट अजून कुणालातरी लागत असते. शेवटी जे राहतील त्यांची नावं काय घेतो आणि काय देतो अशी ठेवा, कुठल्या स्क्रीनसाठी बनवला ते नावात नको.